म्हशीच्या पोटातले दगड

हर्सूलच्या तलावाकडं वळणाऱ्या रस्त्याला लागून एक मोकळी जागा आहे. महापालिकेच्या नकाशात ते उद्यान आहे, आसपासच्या बिल्डिंगांमधले लोक त्याला ओपन प्लॉट म्हणतात आणि कुत्री त्याला आपलं घर समजतात. तिघांत कुत्र्यांचं म्हणणं सगळ्यात खरं. तिथं एक जुना लिंब आहे, दोन सिमेंटचे बाक आहेत, पैकी एकाला पाठ नाही, आणि यंदा दिवाळी झाल्यावर तिथं एक म्हैस येऊन बसली.

म्हैस मनस्विनीनं केलेली होती. मनस्विनी उस्मानपुऱ्यात वडिलांबरोबर राहायची आणि एका शाळेत चित्रकला शिकवायची. चाळिशीला टेकली होती, पण रस्त्यानं चालताना मान खाली आणि नजर गटाराच्या कडेला. पडलेलं काही दिसलं की थांबायची, उचलायची, हातात फिरवून बघायची आणि खांद्यावरच्या पोत्यात टाकायची. तिचे वडील व्यंकटराव जन्मभर कोर्टात कारकुनी केलेले. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "लोकांच्या मुली येताना भाजी आणतात. आमची उकिरडा आणते." हे ते हसत सांगायचे, पण हसू ओठांवरच असायचं.

म्हशीची कल्पना तिला तलावावर सुचली. पूर्वी तिथं म्हशी डुंबायच्या असं जुने लोक सांगत. आता तिथं मॉर्निंग वॉकवाले येतात, ते डुंबत नाहीत एवढंच. तिनं वॉर्डातल्या मंडळींना गाठलं, जागा मागितली, आणि विकत काहीही आणायचं नाही अशी स्वतःलाच अट घातली. उन्हाळा संपला की या शहरात घरोघरचे कूलर गंजून बाहेर पडतात, त्यांच्या जाळ्या जोडून तिनं म्हशीचं पोट केलं. लाईनवाल्यांनी पावसाळ्याआधी तोडून टाकलेल्या लिंबाच्या वाकड्या फांद्यांची शिंगं केली. रिक्षाच्या टायरचे कान, काथ्याची शेपूट, आणि बजाजनगरच्या एका भंगारवाल्यानं कौतुकानं दिलेल्या दोन बेअरिंगांचे डोळे. पोटात दगड भरले. काळे, मुठीएवढे, शहरभरातून एकेक वेचून आणलेले. तळहातावर घेऊन बघायचा, हाताला पटला तर ठेवायचा, नाही पटला तर सोडायचा. दगड हाताला पटतो म्हणजे काय, हे तिला कुणाला समजावून सांगता आलं नाही. व्यंकटरावांना तर नाहीच नाही.

सुरुवातीला तिला वेड्यात काढणारे बिल्डिंगवाले पुढं पुढं स्वतःच्या पाहुण्यांना म्हैस दाखवायला आणू लागले. रविवारी वॉर्डाचे साहेब येऊन उद्घाटन करणार होते. मनस्विनीनं इतकी वर्षं जे काही केलं ते गच्चीवर नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात केलेलं. रस्त्यावर, चार लोकांत, ऊन-पावसात उभं राहणारं हे पहिलंच. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती शेवटचा हात फिरवायला आली. खुरांना माती लिंपत बसली असताना तिला दिसलं की लिंबाखाली एक माणूस घिरट्या घालतोय. तिशीचा असेल. दाढीचे खुंट वाढलेले, पायांत चप्पल नाही. वर फांद्यांत बघत होता, खाली पाचोळा पायानं सारत होता, पुन्हा वर बघत होता.

"काही हरवलंय का?" तिनं विचारलं.

"गठुडं व्हतं एक," तो म्हणाला. "पांढऱ्या फडक्याचं. हितं फांदीला बांधलं व्हतं."

"ते होय," मनस्विनी मोकळेपणानं म्हणाली. "ते खाली पडलं होतं, पोरांचा चेंडू लागला असेल. फडकं मी घेतलं. हे काय, शेपटीला बांधलंय."

तो माणूस शेपटीजवळ आला. काथ्याच्या वर गुंडाळलेल्या त्या मळक्या पांढऱ्या चिंधीला त्यानं बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"आत धोंडा व्हता," तो म्हणाला.

"हो, होता ना. छान होता. तो पोटात आहे."

आपण काय बोलतोय याची तिला सुतराम कल्पना नव्हती, म्हणून तिनं वर हसून म्हशीच्या पोटावर थापही मारली. तो माणूस तिथंच, मातीत, फतकल मारून बसला.

"मॅडम," तो म्हणाला, "तो माझा बाप व्हता."

 त्याचं नाव सोमनाथ. वाळूजला कंपनीत कामाला, समोरच्याच बिल्डिंगीत भाड्यानं राहायचा. एवढं त्यानं सांगितलं आणि आईला घेऊन येतो म्हणून उठून गेला. मनस्विनी मातीचे हात घेऊन उभी राहिली. काहीतरी फार वाईट झालंय हे कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. तिनं वडिलांना फोन लावला.

व्यंकटरावांनी सगळं ऐकून घेतलं. 

"अश्मा," ते म्हणाले. "त्यांच्यात जीवखडा म्हणतात. अग्नी देताना खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडानं भोक पाडतात, तो दगड. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्याच्यात असतो म्हणतात. घरात ठेवत नाहीत, बाहेर झाडाला बांधतात. दहाव्याला त्याच्यावर तिळाचं पाणी घालायचं आणि नदीत सोडायचा. तेव्हा तो माणूस सुटतो."

"मला हे कसं माहीत नाही, बाबा?"

"तुला कसं माहीत असणार? आपल्यात बायका घाटावर जात नाहीत."

मनस्विनीनं विचारू की नको असं केलं आणि विचारलंच. "आईचा कुठं होता?"

तिची आई, दमयंतीबाई, दोन वर्षांपूर्वी गेली होती. 

"गॅलरीत," व्यंकटराव म्हणाले. "जास्वंदीच्या कुंडीमागं. तू रोज तिथंच कपडे वाळत घालायचीस. मी म्हटलं, कशाला तुला सांगायचं."

मनस्विनीला रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्हींना वेळ नव्हता. समोरून सोमनाथ आईला धरून आणत होता. मागून भावकीतला सर्जेराव, हाही त्याच बिल्डिंगीत तळमजल्याला, त्याचा छोटा हत्ती टेम्पो दारात उभा असायचा.

आशाबाई साठीच्या पुढच्या. फुलंब्रीकडच्या गावातून नवऱ्याच्या, तात्यासाहेबांच्या, दुखण्यासाठी म्हणून शहरात आल्या होत्या, आणि दुखणं संपलं ते असं. ते गेल्यावर त्यांनी जीवखडा घराबाहेर बांधायला म्हणून मुलाला सांगितलं. घरमालकानं गच्चीवर नको म्हटलं, जिन्यात नको म्हटलं, गेटवर तर नाहीच. गावाकडं परसात झाड होतं, इथं परस कुठलं? मग सोमनाथनं अंधार पडल्यावर गुपचूप या लिंबाला गठुडं बांधलं होतं. हे सगळं आशाबाईंनी त्या पाठ नसलेल्या बाकावर बसून सांगितलं, कुणावर आवाज न चढवता. दुसऱ्या दिवशी सकाळी कायगावला नदीवर दहावा होता. गावाकडून भावकी परस्पर तिथं येणार होती.

"मला माहीत नव्हतं, मावशी," मनस्विनी म्हणाली. "खरंच माहीत नव्हतं."

"तुमाला कसं असंल," आशाबाई म्हणाल्या. "आता काढा त्यान्ला भायेर."

मनस्विनीनं पक्कड घेतली आणि म्हशीच्या पाठीवरची तार स्वतःच्या हातानं तोडली. तिला कुणी तोडा म्हटलं नव्हतं, तोडू नका असंही म्हटलं नव्हतं. एकेक जाळी सुटत गेली तसे दगड घरंगळत खाली आले. वीस-बावीस दिवस खपून भरलेलं पोट चहा उकळायच्या आत रिकामं झालं. शिंगं आणि डोळे तेवढे जागेवर राहिले आणि ती म्हैस आपल्याच पोटाकडं बघत असल्यासारखी दिसू लागली. मनस्विनीनं तिच्याकडं बघायचं टाळलं.

सोमनाथ आणि सर्जेराव दगडांत बसले. एकेक उचलायचा, उलटा करायचा, बाजूला ठेवायचा. सगळे काळे, सगळे मुठीएवढे. मनस्विनीनं निवडलेच होते तसे.

"कसा व्हता रे?" सर्जेरावनं विचारलं.

"एका अंगानं चपटा व्हता."

"हे समदे एका अंगानं चपटेच हायेत. तू धरला व्हता ना हातात?"

"धरला व्हता," सोमनाथ म्हणाला. "पण तवा डोळ्यात पाणी व्हतं, सर्जूदादा. म्या धोंड्याकडं कशाला बघतोय?"

मनस्विनीही शोधत होती. कोणता दगड कुठून आणला हे तिला बऱ्याच दगडांचं सांगता यायचं. हा पुलाखालचा, हा तलावाच्या भिंतीजवळचा, हा जेलच्या रस्त्याचा. पण लिंबाखाली तिनं तो दगड एकटा उचललेला नव्हता. शेजारचे आठ-दहा त्याच्याबरोबर पोत्यात टाकले होते, आणि मग सगळे एकत्र धुऊन काढले होते. तो हाताला पटला होता एवढं आठवत होतं. पटलेले तर सगळेच होते.

बिल्डिंगांमधून लोक खाली उतरले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी, कुणी विचारलेलं नसताना, भाव महत्त्वाचा, कोणताही एक दगड न्या, असं सांगून पाहिलं. आशाबाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. गृहस्थांना वर गॅस चालू राहिल्याची आठवण झाली.

उन्हं कलली. सोमनाथच्या हालचाली मंदावल्या. मग त्यानं एक दगड उचलला, दोन्ही तळहातांत धरला, डोळ्यांपुढं नेला आणि म्हणाला, "हाच. हाच हाय, आई."

आशाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सर्जेरावनं सुस्कारा सोडला. आणि मनस्विनीच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर ते हे, की आता एक दगड गेला, बाकी सगळे आहेत, उद्या-परवा खपलं तर रविवारपर्यंत म्हैस पुन्हा बसेल. माणसाच्या मनात असंच येतं, त्याला कुणी काय करावं?

पण तो दगड तिनं ओळखला होता. नगर नाक्यावर दुभाजक रंगवताना त्याच्या खालच्या अंगावर पिवळ्या रंगाचा शिंतोडा उडाला होता, आणि त्या शिंतोड्यासाठीच तिनं तो उचलला होता. सोमनाथनं नेमकी ती बाजू तळहाताकडं धरली होती.

ती सोमनाथजवळ गेली. हळूच म्हणाली, "तो नाही. त्याच्या खाली पिवळा रंग आहे. तो मी नगर नाक्यावरून आणलाय."

सोमनाथनं दगड उलटा केला नाही. "मला ठावं हाय," तो दातांत म्हणाला. "आत्ताच दिसला मला. कशाला बोललात तुमी? तिला कळलं नसतं. ती घरी गेली असती, दोन घास खाल्ले असते. नऊ दिस झाले तिला जेवून."

 खरं बोलून आपण काय मिळवलं, हे मनस्विनीलाही सांगता आलं नसतं. तिला एवढंच दिसत होतं की उद्या नदीत नगर नाका जाईल आणि हिचा माणूस इथंच, म्हशीच्या पोटात राहील, आणि ते फक्त आपल्याला आणि याला माहीत असेल.

दोघंही हळू बोलत होते, पण आशाबाईंचे कान शाबूत होते.

"सोम्या," त्या म्हणाल्या. "ठिव त्यो खाली."

त्यानं ठेवला. आशाबाई उठल्या, दगडांच्या पसाऱ्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ त्यांनी कुठं काय दिसतंय का ते बघितलं. त्यांनाही काही दिसलं नाही.

"त्ये ह्यातच हायेत ना?" त्यांनी मनस्विनीला विचारलं. "भायेर तर नाय ना कुठं टाकला एखादा?"

"नाही मावशी. एकही टाकला नाही. यातच आहे."

"मग समदेच न्या."

"समदे?" सोमनाथ म्हणाला. "आई, येवढे धोंडे?"

"तुझा बाप त्यात हाय का नाय? मग. येक सोडून दुसरा नेला तर जन्मभर माझा जीव हितं लिंबाखाली राहील. सर्जेराव, गाडी काढशील का सकाळी?"

सर्जेराव म्हणाला, "काकी, तात्याला जिवंतपणी येवढ्या थाटात कुणी नेलं नाय." आणि आशाबाई हसल्या. नऊ दिवसांत पहिल्यांदा, असं सोमनाथनं मागून मनस्विनीला सांगितलं.

दगड पोत्यांत भरायला बिल्डिंगमधले चार जण पुढं झाले, त्यात तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थही होते. मनस्विनीनं वॉर्डातल्या मंडळींना फोन करून रविवारचं रद्द म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हैस अजून झाली नाही, एवढंच म्हणाली. निघताना आशाबाई तिला म्हणाल्या, "तुमी बी या सकाळी. येवढे धोंडे कुणाच्यानं मोजून उतरवणं व्हनार हाय?" मोजायची काहीच गरज नव्हती. मनस्विनीला ते कळलं आणि ती बरं म्हणाली.

घरी तिनं वडिलांना सांगितलं, उद्या कायगावला जातेय. व्यंकटराव म्हणाले, "बायका जात नाहीत."

"त्यांच्यातल्या जातात, बाबा."

"तू त्यांच्यातली नाहीस."

"आई गेली तेव्हा दहा दिवस मी आपल्यातलीही कुठं होते?" मनस्विनी म्हणाली. त्यावर व्यंकटरावांनी वर्तमानपत्र उघडलं. सकाळी ती बाहेर पडताना त्यांनी स्वतःहून तिच्या डब्यात पोहे भरून दिले. त्यांच्या परीनं ते फार झालं.

कायगावला भावकी आधीच जमली होती. छोटा हत्तीतून पोत्यामागून पोतं उतरू लागलं तसे टोप्यांखालचे चेहरे बघण्यासारखे झाले. हे काय, ते काय, घाट बांधायला घेतला का, असं कुजबुजणं सुरू झालं. सोमनाथनं खालमानेनं सगळं सांगितलं. कुणी हसेल म्हणून मनस्विनी अंग चोरून उभी होती. कुणी हसलं नाही. एक म्हातारा फक्त म्हणाला, "तात्याला एकट्याला करमत नव्हतंच कधी."

गुरुजींनी मात्र हात टेकले. त्यांच्यामागं दुसऱ्या घरचे लोक खोळंबले होते. "अहो, अश्मा एक असतो," ते म्हणाले.

"येकच हाय," आशाबाई म्हणाल्या. "कोणचा त्ये तुमी सांगा."

गुरुजींनी त्या पसाऱ्याकडं पाहिलं, नदीकडं पाहिलं, आणि तिळाचं पातेलं मोठं आणायला सांगितलं. पिंड ठेवला तसा कावळा लगोलग शिवला. त्यानं कुणाची परीक्षा पाहिली नाही. पण पाणी घालायला वेळ लागणार होता. सगळे दगड पायऱ्यांवर ओळीनं मांडले गेले, आणि ओंजळीत तीळ आणि पाणी घेऊन माणसं एकामागून एक पुढं सरकू लागली. प्रत्येक दगडावर थोडं थोडं. तात्यासाहेबांचं नाव घ्यायचं, पाणी सोडायचं, पुढचा दगड. कंबरा धरल्या. म्हातारे मध्येच बसून घेत आणि पुन्हा उठत. पाणी पडलं की दगड असे काही तुकतुकीत काळे होत, की नगर नाक्याचा कोणता आणि जेलच्या रस्त्याचा कोणता हे आता मनस्विनीलाही सांगता आलं नसतं.

आशाबाई नवऱ्याशी बोलत बोलत पाणी घालत होत्या. हे घ्या. नाय तुमी? मग हे घ्या. मनस्विनी दगड सरळ करायच्या निमित्तानं त्यांच्या मागून चालली होती. ओळीच्या शेवटाला आल्यावर ती थांबली. तिच्या समोर एक दगड होता, इतरांसारखाच.

"मावशी," ती म्हणाली, "मी घालू का? माझ्या आईला घातलं नव्हतं मी."

आशाबाईंनी तिच्याकडं वळून पाहिलं. "इचारायचं काय त्यात? माझ्या माणसाला तुमीच संबाळलं की इतके दिस. धुतला, पोटात ठेवला." त्यांनी आपल्या ओंजळीतले तीळ तिच्या ओंजळीत सोडले. "नाव घ्या. मनात नगं, मोठ्यानं घ्या."

 मनस्विनीनं घेतलं. "दमयंती व्यंकटराव," ती म्हणाली, घाटावर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आणि पाणी सोडलं.

मागं ओळीत उभ्या असलेल्या भावकीनं नाव ऐकलं. ही दमयंती कोण, आपल्यात कधी होती, हे कुणी विचारलं नाही. टोपी सारखी करून तो म्हातारा पुढं आला, त्या दगडावर त्यानं तिळाचं पाणी घातलं आणि म्हणाला, "दमयंतीबाईला पोचो." त्याच्या मागून सर्जेराव आला, मग सोमनाथ, मग बाकीचे, एकेक करून सगळे.